पुढे ओढलेली सीट

अहो,

जीपची किल्ली मी नेतेय, शोधत बसू नका. चहा थर्मासमध्ये आहे.

तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा जीप बघून आले. सामान लावलंय मात्र झकास! पाण्याचे कॅन खाली, तंबू आणि अंथरुणं टपावर, तुमच्या त्याच जुन्या गाठीने बांधलेली. आपला ट्रेलर नदीपात्रात उलटला, त्या वर्षापासून तुम्ही सगळं असंच नेता.

पण गाडी लंबू चालवणार म्हणालात ना? मग तुमच्या त्या सहा फुटी पुतण्याचे पाय इतक्या पुढे ओढलेल्या सीटमध्ये मावणार कसे? आणि तुमची पाठीची उशी तिथे काय करतेय? ताटलीही एकच दिसली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडीबद्दल काय बजावलंय, ते मी विसरलेले नाही. मागची सीट छतापर्यंत भरलीत, म्हणजे ‘मीही येते’ म्हणायची सोयच नको!

मी लंबूकडे चाललेय. त्याला हा बेत ठाऊक असेल तर घेऊन येते, नसेल तरी घेऊनच येते. तोवर मागची अर्धी सीट रिकामी करा आणि आणखी दोन ताटल्या काढून ठेवा.