म्हणे चिखल खोटा!

शनिवार, एजवेअर, लंडन

स्टॅनमोरच्या भावजींनी फॅमिली ग्रुपवर ऋचाच्या पिक्चरचा रिव्ह्यू टाकलाय. एक स्टार, खाली भावजींचे हसणारे चेहरे. बेसबॉलवाल्याची लव्हस्टोरी, कपडेपट ऋचाचा. त्याच्या कपड्यांवरचा चिखल माझ्या लेकीनं केला, माझ्याच सिंकमध्ये चहा-कॉफी कालवून. आणि समीक्षक लिहितो, "चिखलसुद्धा खोटा वाटतो." मेल्या, कधी हातानं कपडे धुतलेस?

ऋचाचा फोन आला. "आई, be honest, कसा वाटला?"

"भिकार. मला दोनदा डुलकी लागली. पण चिखल खरा होता गं."

हसली. मग रडायलाच लागली.

भावजींनी तर पिक्चर पाहिलेलाच नाही! कशाला हसता मग? त्यांचं उद्याचं तिकीट काढलंय मी. बसा म्हणावं दोन तास, आणि मग हसून दाखवा.