अकरा जानेवारीच्या पत्राचा पुरावा

२ मार्च, सकाळी ६.४०
काल फोनवर सौ. म्हणाली, "मी निघाले तेव्हा तुम्ही एकदाही 'थांब' म्हणाला नाहीत." हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. ती १३ जानेवारीला परगावच्या रुग्णालयात तीन महिन्यांच्या हंगामी कामावर गेली. ११ जानेवारीला मी तिला थांबण्याची विनंती करणारे दीड पानी पत्र लिहिले होते. दिले नाही, कारण दुसरा परिच्छेद ढिला होता. ढिला परिच्छेद मी कारकुनालाही देत नाही, पत्नीला कसा देईन?
तिथे तिला कायम नेमणूक देऊ केली आहे. २० तारखेपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. म्हणजे माझ्याकडे अठरा दिवस. भरपूर.

४ मार्च
कन्येला फोन करून योजना समजावली. आमच्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात दिवसभरात आलेल्या प्रत्येक कागदाचा चौसष्ट अक्षरी ठसा काढतात. कागदातले एक टिंब हलले तरी ठसा पार बदलतो, आणि ठशावरून कागद परत मिळवता येत नाही. दोन ठशांचा मिळून एक, तशा दोहोंचा पुन्हा एक, असे जोडत गेले की ठशांचे एक झाड तयार होते आणि त्याच्या मुळाशी शेवटी एकच ठसा उरतो. तो दर रविवारी वृत्तपत्रात छापला जातो. घरोघरी गेलेला अंक कोण बदलणार? मागची तारीख टाकणे मलाही अशक्य, आणि ही व्यवस्था तर मीच उभारलेली आहे.
ते पत्र मी त्या दिवशी 'चाचणी नमुना' म्हणून झाडात घातले होते. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.
कन्या म्हणाली, की आई नोकरीला गेली आहे, कोर्टात नाही. मुलांना आपण शिकवतो, पण विचार करायला शिकवायचे राहून जाते.

७ मार्च
वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन १२ जानेवारीचा अंक मिळवला. जाहिरात विभागातील बाईंनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि हळूच विचारले, की ती अक्षरे म्हणजे चोरून भेटणाऱ्या कुणा जोडप्याची खूण आहे ना. पाच वर्षे त्या दर रविवारी ती कौतुकाने वाचत आल्या आहेत. मी त्यांचा गैरसमज वीस मिनिटांत मुळापासून दूर केला. निघताना त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. ज्ञानाचा आनंद सगळ्यांनाच होत नाही.

९ मार्च
सौ.ला कळवले, की १६ तारखेला रविवारी सप्रमाण खुलासा करण्यास येत आहे. ती म्हणाली, "या. बोलू." बोलू म्हणजे अर्थातच सादरीकरण. अकरा स्लाइड्स केल्या. नवव्या स्लाइडवर तिला निरुत्तर होण्यासाठी जागा सोडली आहे.

१४ मार्च, दुपारी
पडताळणी केली. ठसा जुळत नाही.

१४ मार्च, सायंकाळी
सॉफ्टवेअर निर्दोष. वृत्तपत्राची छपाई निर्दोष. झाडही निर्दोष: ११ जानेवारीचा ठसा जिथल्या तिथे आहे, मुळापर्यंतची प्रत्येक जोडणी बरोबर. दोष पत्रात आहे. ती गेल्यापासून मी त्याच फाइलमध्ये ते एकतीस वेळा सुधारले. मूळ प्रत ठेवली नाही. सदोष प्रती जपून ठेवण्याची मला सवय नाही.
म्हणजे त्या दिवशी काहीतरी लिहिले गेले होते, हे मी जगातील कोणत्याही तज्ज्ञासमोर सिद्ध करू शकतो. काय लिहिले होते, ते मात्र नाही.

१५ मार्च
मूळ मजकूर आठवून आठवून सेहेचाळीस प्रयत्न केले. एकही जुळला नाही. सध्याच्या प्रतीत 'आपल्या निर्णयाच्या फेरविचाराची शक्यता' असे आहे. पहिल्या प्रतीत तिथे काहीतरी छोटे होते. घाईत लिहिलेले, जरा केविलवाणे. ते काढून टाकल्याचा त्या वेळी अभिमान वाटला होता, एवढे आठवते.

१६ मार्च, परतीच्या गाडीत
तिच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची नवी होती, कागदी वेष्टनही पुरते निघालेले नव्हते. मी लॅपटॉप उघडला. सातव्या स्लाइडला तिने विचारले, की पत्र कुठे आहे. मी सांगितले, पत्र उपलब्ध नाही, परंतु त्याचे अस्तित्व वादातीत आहे.
तिला हसू येईल असे वाटले होते. आले नाही. तिने लॅपटॉप हळूच मिटला.
"लिहिलं असणार तुम्ही. मला कुठे पुरावा हवा होता?" आणि थोड्या वेळाने, "बरं, आत्ता म्हणा."
मी स्पष्ट केले, की आत्ता उच्चारलेल्या शब्दावर आजची तारीख पडेल. जानेवारीसाठी तो ग्राह्य धरता येणार नाही.
 तिने कपबशा उचलल्या आणि गाडी चुकेल म्हणाली. गाडीला सव्वा तास अवकाश होता. तरी एकंदर भेट समाधानकारक. तिने माझा एकही मुद्दा खोडला नाही.

१८ मार्च
फोन नाही. विचार करत असावी. मी केला तर दडपण येईल. निर्णय मुक्तपणे झाला पाहिजे.

२० मार्च, सकाळी ८.००
रजा घेतली आहे. तिचा फोन येईल.

२० मार्च, सायंकाळी ६.१०
कन्येचा फोन आला. आईने कायम नेमणूक स्वीकारली. मुदत पाचपर्यंत होती, तिने पावणेपाचला सही केली. तिनेही आज रजा घेतली होती. दिवसभर फोन समोर ठेवून बसली होती म्हणे.
पावणेपाच ही वेळ नेमकी आहे का, असे मी विचारले. कन्येने फोन ठेवला.
मी दिवसभर घरीच होतो. फोन हातात होता.