ऱ्होड्समधली तीन गावं

स्कारबरो, ४ एप्रिल १९७६

प्रिय जुलिएटबाईस थोरल्या भावाचा शालोम. वि. वि.

आज सकाळी पुन्हा दारातला बर्फ फावड्याने उपसला, तेव्हा कंबर धरून लिहितो आहे. ऱ्होड्स बेटाचं नक्की करू. तुला हैफाहून बोट, मला इथून विमान. ना तुझं घर, ना माझं. आई गेली तेव्हा मी सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसायला आलो नाही, म्हणून तू म्हणालीस, माझा उंबरा ओलांडलास तर माझं मेलेलं तोंड पाहशील. आठ वर्षं झाली. तुझा राग कधीच निवला, पण सुटलेला शब्द परत येतो का? मला भीती वाटते, बाई.

शेजारचा स्टॅव्हरोस त्या बेटावरचाच. पाहण्यासारखी तीन ठिकाणं सांगतो. लिंडोस, पांढऱ्या घरांचं, वर किल्ला, चढायला गाढवं. एम्बोनास, डोंगरातलं, द्राक्षांचं. आणि जुनं शहर, तिथे आपल्या ज्यू लोकांची सिनेगॉग आहे. गाढवावर तू बैस, मी शेपूट धरून येतो.

माया पातळ करू नकोस.
तुझा मनाशे

लोद, २ मे १९७६

मनाशेदादास जुलिएटचा शालोम. वि. वि.

पत्र ईव्हा लिहिते आहे, मला अक्षर दिसेनासं झालंय. दादा, मी गाढवावर आणि तू शेपटाशी, म्हणजे लोक तीन गाढवं मोजतील. माझे गुडघे चढ मानत नाहीत, लिंडोस खोड. बसच्या वळणांनी मला उलटी होते, एम्बोनासही खोड. जुन्या शहरात म्हणे गल्लीभर गोटे रोवलेत, काठी अडकेल. राहिलं बंदरावरचं बाकडं. तिथेच बसू. मी पुऱ्या बांधून आणते.

वहिनी असती तर हसली असती. जीव जप.
तुझी जुलिएट

लोद, ११ जुलै १९७६

मामास ईव्हाचा शालोम. वि. वि.

आईला हृदयाचा झटका आला. आता घरी आहे, पण डॉक्टरांनी बोटही बंद केली. ती म्हणते, मी मरायची ती मरणारच, तो उंबरा ओलांडो की न ओलांडो. जिवंत तोंड पाहायचं असेल तर ये म्हणावं. मामा, ऱ्होड्सचं तिकीट बदलून इकडचं काढा. लवकर या.

तुमची ईव्हा

स्कारबरो, २६ जुलै १९७६

चि. ईव्हास मामाचा शालोम. वि. वि.

वीस ऑगस्टचं तिकीट काढलं. आधीचंही मिळत होतं. हो म्हणायला धीर झाला नाही. पण बाळे, घरात येणार नाही. समोर रस्त्यावर खुर्ची टाकून बसेन, तू तिला गॅलरीत आण. हसशील, पण तिच्या जिवाशी जुगार माझ्याने होत नाही. तिला सांग, दादा कायमचा हट्टी आहे.

तुम्हां दोघींना गोड पापा.
मनाशेमामा

स्कारबरो, १६ ऑगस्ट १९७६

चि. ईव्हास मामाचा शालोम.

तार परवा मिळाली. आपल्यात पुरायला उशीर करत नाहीत, म्हणजे जुलीचं तोंड मला जिवंतही दिसलं नाही आणि मेलेलंही नाही. बाहेर राहून मी तिला वाचवतो आहे असं धरून चाललो होतो. आता इथे एकटाच जमिनीवर बसलो आहे. आईसाठी बसलो नव्हतो, ते तिने बरोबर पकडलं होतं.

वीस तारखेचं तिकीट आज परत केलं. आता तुझ्या दारात मला अडवणारं कोणी उरलं नाही, म्हणूनच यायला पाय उचलत नाही.

सवड झाली तर चार ओळी लिही.
तुझा मामा मनाशे