नंदाच्या लेखावरची ओळ

३ फेब्रु., मंगळ.
निम्मी हळद निघाली. मजूर गेल्यावर बांधावर बसून नंदाचा नवा लेख मोबाइलवर वाचला. माझी बायको घरच्या मसाल्यांवर ब्लॉग लिहिते, चार वर्षं होत आली. तिचा सगळ्यात हळू वाचणारा वाचक मीच. आजचा लेख हळद-मिरची दळायच्या घरगुती यंत्रावर. पहिलीच ओळ: "हे यंत्र कंपनीनं मला फुकट दिलं आहे, मी लिहावं म्हणून. ते ध्यानात ठेवून पुढचं वाचा." मग तारीफ. मग हेही, की अख्खं हळकुंड टाकलं तर अडकतं, आधी खलबत्त्यात फोडून घ्या.
म्हटलं, एवढं वर कशाला? शेवटी लिहायचं.
"शेवटपर्यंत वाचते कोन? घरचा माणूसच अर्ध्यात झोपते."
खरं आहे.

६ फेब्रु., शुक्र.
प्रल्हाद येऊन गेला. माझ्या मामाचा मुलगा, मंगरूळपीरला राहतो. त्याच कंपनीत विक्रीला आहे, यंत्र त्यानंच आणून दिलं होतं. वरची ओळ साहेबांना नको. काढली तर नंदाला वर्षभर अशा लेखांचं काम देतील.
"वहिनी, कोपऱ्यात बारीक 'प्रायोजित' लिव्हा. नियमाचं बी झालं, अन् कोनाच्या डोळ्यात बी येत नाही."
"भावजी, जिले समजाव म्हनून लिव्हाचं, तिलेच समजणार नाही असं लिव्हू?"
"दादा, हे बाई कोर्टात पायजे होती."
हसला, पण चहा अर्धा ठेवून उठला. मी याला खांद्यावर बसवून शाळेत नेलेलं आहे. त्याचं तोंड उतरलेलं मला पाहवत नाही. तरी नंदा बोलत होती तेव्हा मनात वाटलं, एवढी सरळ गोष्ट आपल्याला सुचली नसती.

१० फेब्रु., मंगळ.
सांजेला नंदानं देवापुढे दिवा लावला आणि कपाटातून साडी काढून माझ्यासमोर ठेवली. यंत्र आणलं त्या दिवशी प्रल्हादनं बायकोच्या हातून तिची ओटी भरवली होती, त्यातली.
"हे कोनाकडून? भावजीकडून का कंपनीकडून?"
"प्रल्हादकडून. ओटी हाय ते."
"याआदी कधी आणली त्यायनं?"
भुईमुगाच्या शेंगा आणतो. बोरं आणतो. साडी... नाही, कधी नाही.
ओटी परत करता येत नाही, हे तिलाही ठाऊक. मी म्हटलं, नात्यातलं आहे, ते लिहायचं नसतं. अजूनही मला तसंच वाटतं. पण झोप लागेना.

१२ फेब्रु., गुरु.
तिनं लिहिलं. त्याच लेखात, यंत्राच्या ओळीखाली: "यंत्रासोबत एक साडीही आली होती. नात्यातला आहेर म्हणून घेतली. आता वाटतं, तीही यातच धरावी. आधी सांगितलं नाही, ही माझी चूक."
कोणाचं नाव नाही, नातं नाही. सगळा दोष स्वतःवर. तीनदा वाचलं.
खाली बायकांचे अभिप्राय. किन्हीराजा गावची एक: "ताई, रंग कोनता साडीचा?" यावर नंदा खूप हसली. दुसरी: "मंग आजवर लिव्हलेलं किती खरं समजाव?" यावर हसली नाही. जुने सगळे लेख उघडून बसली, कुठे काही फुकट आलेलं राहून गेलं का म्हणून. एक मेथीच्या बियाण्याची पुडी सापडली. तीही लिहून टाकली.
आपण रोज पोथीचा अध्याय वाचतो. असा आपला मागचा हिशेब कधी पाहिला?

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र.
उपास. देवळातून आलो तर प्रल्हादचा फोन.
"दादा, आमचा आहेर चव्हाट्यावर मांडला वहिनीनं. माह्या मायनं पसंत केली होती ते साडी!"
"मामीनं पसंत केली असंल. पण घेतली कोनाच्या पैशानं?"
कसं विचारलं गेलं कुणास ठाऊक.
"तुमी बी, दादा?"
त्यानं फोन ठेवला.

२४ फेब्रु., मंगळ.
अनसिंगच्या बाजारात कळलं, रविवारी प्रल्हादच्या मुलीचं साक्षगंध, सोयरीक पक्की झाली. सगळ्या नात्याला निरोप आहे. आम्हाला नाही. ही पोरगी दहावीला वर्षभर आमच्याकडे राहून शिकली.
घरी सांगितलं. नंदा भाकरी थापत होती, थांबली नाही.
"साडीची ओळ काढू का? तुमचं नातं हाय. तुमी म्हनसान तं काढतो."
म्हटलं, उद्या सांगतो.

२५ फेब्रु., बुध.
पहाटे देवापुढे बसलो. देव काही बोलत नाही, पण तिथे बसून स्वतःशी खोटं बोलणं जड जातं. ओळ काढली तर प्रल्हाद परत येईल. पण ती बाई, किती खरं समजायचं विचारणारी, तिला आपण काय सांगणार?
चुलीपाशी जाऊन म्हटलं, राहू दे.
तिनं मान हलवली. तव्यावरची भाकरी उलटवत म्हणाली:
"मंग रविवारी जाऊ."
"बोलावलं कुठं त्यायनं?"
"तुमच्या मामाचं घर हाय. अन् पोरगी काय त्या कंपनीची हाय?"

१ मार्च, रवि.
एसटीत लिहितो आहे, अक्षर हलतंय. नंदा खिडकीशी. मनातून भ्यालेली आहे, पदराचं टोक बोटाला गुंडाळते आहे. पण मला म्हणते, सरळ बसा.
कंपनीकडून काही नाही. वर्षभराचं काम गेलंच समजायचं.
मंगरूळपीर जवळ आलं तसं म्हटलं, प्रल्हादला फोन तरी करू का, येऊन राह्यलो म्हणून.
"नका करू. फोनवर नाही म्हनाले सोपं जाते मानसाले. दारात उभं राहू, मंग पाहू काय म्हनते तं."
स्टँड आला. ती माझ्याआधी उठली.