चटणीचा मिक्सर

टी. नगर, चेन्नई
५ नोव्हेंबर २००६

चि. प्राचीस आप्पाचे अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं आणि पस्तावलो. जपानच्या समुद्राखाली सहा दिवस भूकंप चालला होता, हे ऐकून तिनं हातातली कोथिंबीर ठेवली. म्हणाली, सहा दिवस हलतंय आणि पोरीला पत्ता नाही, मग शिकते काय? एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाताना कधी कधी कुणाला न जाणवता हळूच घसरतो, तोच हा मंद भूकंप, हे तुझंच वाक्य तिला पुन्हा वाचून दाखवलं. पण त्सुनामी पाहिलेली बाई ती. पोंगलला पोरीला कायमची घरी आणा, म्हणते. नाव प्राची ठेवलं म्हणून इतकं पूर्वेला जायचं नव्हतं, हा टोमणा मला.

तुझी अडचण समजली. तुझे सर म्हणतात, समुद्रतळावरच्या यंत्रांच्या नोंदीतली थरथर भूकंपाची नाही, वादळी लाटांची आहे. जानेवारीपर्यंत पटवून दिलं नाहीस तर काम बंद. मी विट्याहून आलेला सातवी पास गलाईवाला, सोनं गाळून शुद्ध करणारा. दुकान उभं केलं ते कानांवर. सोन्यातली चांदी तेजाबात विरघळते तेव्हा बारीक फसफस होते. ती मी रस्त्यावरच्या रिक्षांच्या गोंगाटात ऐकतो. युक्ती एवढीच, आधी भांड्यापाशी कान, मग दारापाशी. रिक्षा दोन्हीकडे वाजते, फसफस भांड्यापाशीच. तुझी यंत्रं पाच ना? पाचही ठिकाणी कान लाव.

जेवत जा. फोनवर आवाज उपाशी वाटला.

तुझा,
आप्पा


जपान
२० जानेवारी २००७

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

पाचही यंत्रांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. वादळाची खरखर पाचांत एकदमच. माझी थरथर मात्र आधी समुद्रतळाच्या खंदकाजवळच्या यंत्रात, दोन दिवसांनी पुढच्यात, मग तिसऱ्यात. वादळ असं रांगत नाही. सरांनी पाचही नोंदींवरून बोट फिरवलं. युक्ती कुणाची, विचारलं. वडिलांची, ते सोनं शुद्ध करतात, म्हटलं. तर खुर्चीतून उठून वाकले. तो नमस्कार तुमचा, पोचवते आहे.

आता आणखी तीन वर्षं काम मिळालंय. भूपट्ट कुठे सरकतो नि कुठे अडकून बसतो हे कळलं, तर मोठ्या लाटेचा धोका ओळखायला मदत होईल. हे आईला तुम्हीच सांगा. माझा धीर होत नाही.

आपली लेक,
प्राची


टी. नगर, चेन्नई
४ फेब्रुवारी २००७

चि. प्राचीस अ. उ. आ.

आईला सांगितलं. ती हसली. बरं झालं, पोरीनं करून दाखवलं, म्हणाली. मग चटणी वाटते म्हणून आत गेली.

मिक्सर सुरू झाला, तो थांबेचना. भांड्यात वाटण असलं की मिक्सर जड फिरतो. हा मोकळाच फिरत होता. आणि त्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, तिचा.

पोरी, तू गेल्यापासून आपल्याकडे मिक्सर रोज चालतो, पानात चटणी मात्र क्वचित असते. दोन वर्षं मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलोय, आणि कानाचा डौल मिरवतोय.

मी मिक्सर बंद केला नाही. जवळ जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळानं तिनंच बंद केला, आणि म्हणाली, तीन वर्षं म्हणजे तीनच, हे लिहा तिला.

लिहिलं. यापुढची पत्रं तिच्या नावानं टाक. माझ्यावरची माया त्यातच एका ओळीत मावेल.

तुझा,
आप्पा