मिराबाईच्या साक्षीतील एका वाक्याबाबत

दिनांक : २१ फेब्रुवारी २००७

प्रति,
मा. पीठासीन न्यायाधीश,
अतिरिक्त सत्र न्यायालय, आडगाव पेठ,
जि. हिंगोली.

(मार्फत : अधीक्षक, आस्थापना शाखा)

अर्जदार : विजयकुमार सोनाजी सावके, लघुलेखक, मूळ राहणार गोरेगाव, ता. सेनगाव.

विषय : सत्र खटला क्र. ४१/२००१ मध्ये माझ्या हातून चुकीची नोंदली गेलेली साक्ष उच्च न्यायालयापुढे शपथपत्राने सांगण्यास आणि लघुलिपीची वही क्र. ३१ सोबत नेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) उक्त खटल्यातील साक्षीदार क्र. ३ मिराबाई बाबूसिंग यांची साक्ष, दि. १२ फेब्रुवारी २००२.
२) माझा दि. १४ जून २००४ चा अर्ज (जो मीच परत घेतला).

महोदय,

१. वरील विषयान्वये सविनय सादर करतो की, मी या न्यायालयात एकोणीसशे त्र्याण्णवपासून लघुलेखक आहे. साक्षीदार त्याच्या बोलीत बोलतो, न्यायाधीश साहेब ते ऐकून नोंदीच्या भाषेत सांगतात आणि मी टंकलिखित करतो. मात्र मला प्रशिक्षणापासून एक सवय आहे. साहेब सांगायला सुरुवात करण्यापूर्वी साक्षीदाराचे मूळ शब्द मी लघुलिपीत वहीत उतरवून घेतो. ही वही न्यायालयाच्या नोंदीचा भाग नाही. ती कोणी मागत नाही, वाचत नाही. चालू महिन्यात जुन्या वह्या नष्ट करण्याची जी यादी निघाली आहे, तीत वही क्र. ३१ अठराव्या ओळीवर आहे.

२. खटल्याची हकीकत थोडक्यात अशी. वारंगा फाट्यापासून दोन कोसांवर खैरी तांडा आहे. तेथील शंकरसिंग आडे हे १९ नोव्हेंबर २००० रोजी दुपारी आपल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, विहिरीवरचे इंजिन चालू करताना भाजून मयत झाले. त्यांचे भाऊ भीमसिंग यांनी फिर्याद दिली की, शंकरसिंगच्या पत्नीने, रूपाबाईने, अंगावर रॉकेल टाकून पेटवले. आदल्या दिवशी नवरा-बायकोचे भांडण झाले होते, हे तांड्यात सर्वांना ठाऊक होते. मुलगी निता, वय बारा, मामाच्या गावी होती. प्रत्यक्ष पाहणारी व्यक्ती एकच, शेजारच्या आखाड्यावरची मिराबाई, वय अंदाजे सत्तर.

३. मिराबाई घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलणारी. न्यायालयात मात्र आमच्या भागातली मराठी बोलली. सरकारी वकिलांनी विचारले, "तुम्ही पोहोचलात तेव्हा आरोपी काय करत होती?" तिचे उत्तर वही क्र. ३१ च्या पान ५८ वर आहे, ते असे :

"मी धावत गेले तं रूपा त्याच्या अंगावर बसली होती. गोधडी टाकून दाबून राहिली होती. हात पोळले तरी सोडली न्हाई तिनं."

तत्कालीन साहेब कोकणातले. बदली होऊन त्यांना आमच्याकडे दीड महिना झाला होता. त्यांनी सांगितले आणि मी टंकलिखित केले ते असे :

"आरोपी मयताच्या अंगावर बसली होती व तिने त्यास गोधडीखाली दाबून ठेवले होते. हात भाजले तरी तिने त्यास सोडले नाही."

४. महोदय, आपणही या भागात आता तीन वर्षे आहात. "दाबून राहिली होती" म्हणजे दाबत होती, हे आपणास सांगण्याची गरज नाही. पेटलेला माणूस विझवायचा तर गोधडी अशीच दाबावी लागते. आणि "सोडली न्हाई" म्हणजे गोधडी सोडली नाही. नवऱ्याबद्दल बोलायचे असते तर मिराबाई "सोडला न्हाई" म्हणाली असती. बाईने स्वतःचे हात जाळून नवरा विझवला, असे ती सांगत होती. आम्ही लिहिले की, बाईने नवरा जळेपर्यंत दाबून धरला.

५. मला हे त्याच क्षणी कळले. मी यंत्रावरचे हात थांबवून मान वर केली. साहेब म्हणाले, "काय झालं? पुढे घ्या." मी पुढे घेतले. आरोपीला सरकारकडून मिळालेले वकील त्या वेळी बाजूच्या कोर्टात होते. ते आले, दोन प्रश्न विचारून बसले.

६. कायद्याप्रमाणे साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवावी लागते. ते काम मी केले. साडेपाच वाजत आले होते आणि मिराबाईची फाट्याकडे जाणारी जीप निघायला आली होती. मी भराभर वाचले. तिला त्यातले किती समजले, हे मी विचारले नाही. ती म्हणाली, "तुमी लिवलं ते बराबरच असंल, साहेब." मी तिचा अंगठा शाईवर धरला आणि कागदावर उमटवला. खाली "वाचून दाखविले, बरोबर असल्याचे कबूल" ही ओळ मी घातली. त्या दिवशीचे एवढे काम तरी कोणाच्या सांगण्यावरून नव्हते, माझे स्वतःचे होते.

७. रूपाबाईने आपल्या जबाबात सांगितले की, "मी इझवून राहिले होते." निकालात त्यास मागाहून सुचलेला बचाव म्हटले गेले. तिचे भाजलेले तळहात हा तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला. निकालाचे सव्वीस परिच्छेद दि. २८ मार्च २००२ रोजी मीच टंकलिखित केले. त्यातील एकोणिसाव्या परिच्छेदात वरील वाक्य जसेच्या तसे आहे. जन्मठेप झाली. शिक्षा ऐकल्यावर तिने पोलीस शिपाई बाईला विचारले, "मिराबाईनं तं खरं सांगितलं, मंग काहून?" हे नोंदीत नाही, कारण तोपर्यंत कामकाज संपले होते.

८. मी त्या वेळी का बोललो नाही, असा प्रश्न आपण विचाराल. साहेबांना भर कोर्टात दुरुस्त करायचे म्हणजे गोपनीय अहवाल बिघडणार, एवढीच माझी भीती होती. माझी मुलगी वैष्णवी त्या वर्षी पाचवीत होती, बदली नको होती. दुसरे कारण नाही.

९. मे २००४ मध्ये मी रजा काढून तुरुंगात रूपाबाईची भेट घेतली. तिचे दोन्ही तळहात आखडलेले होते. बोटे सरळ होत नव्हती. मी ओळख सांगण्यापूर्वीच ती म्हणाली, "तुमी ते टाईपवाले साहेब न? तुमी त्या दिवशी मान वर करून पाहिलं होतं. मला वाटलं, आता हे बोलतील." मग तिने विचारले, "माझी निता कशी हाय? ती येत न्हाई." नितासंबंधी मला काही माहिती नव्हती. मी "चांगली आहे" असे सांगितले. हेही मी खोटेच सांगितले.

१०. परत येऊन मी संदर्भ क्र. २ चा अर्ज लिहिला. तत्कालीन अधीक्षक किशनराव यांनी मला बसवून घेऊन विचारले, "विजय, वाचून दाखवलं असं खाली कोणी लिहिलंय? तू. अंगठा कोणी घेतला? तू. मग साहेबांना कोण काय विचारणार आहे? आत तूच जाशील." ते माझ्या भल्यासाठीच बोलले. मी अर्ज उचलला आणि घरी नेला. २००६ च्या पावसाळ्यात मिराबाई वारली. तिला पुन्हा विचारण्याची सोय संपली, तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले, हे मी येथे नमूद करतो.

११. दि. ३ फेब्रुवारी रोजी रूपाबाई काविळीने मयत झाली. तिचे अपील उच्च न्यायालयात प्रलंबित होते. दि. १२ रोजी निता नकला शाखेत आली. ती आता एकोणीस वर्षांची आहे, कनेरगाव नाक्याला दिली आहे. काका भीमसिंग यांच्याकडे ती वाढली. आईने बापाला मारले, कोर्टातही तसेच लिहिले आहे, असे सांगत तिला वाढवले गेले. ती सहा वर्षांत एकदाही आईला भेटली नाही. तुरुंगातून आलेली आईची लुगडी आणि गळ्यातली पोत हाती आल्यावर तिला वाटले, की निदान काय लिहिले आहे ते पाहावे. नकला शाखेच्या कारकुनाने तिला माझ्याकडे पाठवले. ती म्हणाली, "मी सातवी शिकले. पण हे कोर्टाचं मराठी समजून न्हाई राहिलं. मला वाचून दाखवा."

१२. मिराबाईची साक्ष मी दुसऱ्यांदा वाचून दाखवली. या वेळी सावकाश वाचली. त्या वाक्याशी निताने मला थांबवले. "परत वाचा." मी परत वाचले. ती म्हणाली, "मिराआजी असं बोलत न्हाई. मी तिच्या मांडीवर वाढले. 'दाबून ठेवले होते' असं तिच्या तोंडात येणारच न्हाई. ती खरं काय म्हणली?"

पाच वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मी कपाटातून वही काढली आणि पान ५८ मोठ्याने वाचले. तिने ते ऐकले. जाताना म्हणाली, "आईनं दर राखीला मामाकडं निरोप धाडला, निताला घेऊन ये. मी म्हणले, मला तिचं तोंड न्हाई पाहायचं."

१३. अपीलकर्ता मयत झाल्यास जवळच्या नातेवाइकाला तीस दिवसांच्या आत परवानगी मागून अपील पुढे चालवता येते. ती मुदत सोमवार, दि. ५ मार्च रोजी संपते. निता अर्ज करणार आहे. मी तिला म्हणालो की, आता याने सुटका कोणाची होणार? ती म्हणाली, "सुटका कोण मागून राहिलं? ती तं गेली. तिनं माझ्या बापाला मारलं न्हाई, एवढं कागदावर पायजे. ज्या कागदावर ते लिवलं, त्याच्यावरच."

१४. सबब विनंती की, मला उच्च न्यायालयात शपथपत्र दाखल करण्यास आणि वही क्र. ३१ हजर करण्यास शुक्रवार, दि. २३ पर्यंत परवानगी द्यावी. ती वही नष्ट करावयाच्या यादीतून आजच वगळावी. समजेल असे वाचून न दाखवताच दाखवल्याचे प्रमाणपत्र लिहिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. त्यासाठी वेगळ्या चौकशीची गरज नाही. हा अर्ज माझी कबुली समजावा. तत्कालीन साहेबांवर माझा कोणताही आरोप नाही. त्यांना शब्द समजला नव्हता, मला समजला होता.

१५. परवानगी न मिळाल्यास हाच अर्ज माझा राजीनामा समजावा. येत्या सोमवारी, दि. २६ रोजी, सकाळच्या गाडीने निता व मी उच्च न्यायालयाकडे निघत आहोत. वही माझ्यासोबत राहील. ती मी चोरून नेली असे नंतर कोणाला लिहावे लागू नये, म्हणून आज माझ्या सहीने लिहून देत आहे.

या न्यायालयाचा चौदा वर्षांचा सेवक,

(सही)
विजयकुमार सोनाजी सावके
लघुलेखक

सोबत :
१) वही क्र. ३१, पाने ५८ ते ६१ यांची छायाप्रत व साध्या मराठीत उतारा
२) साक्षीदार क्र. ३ च्या साक्षीची प्रमाणित प्रत
३) दि. १४ जून २००४ चा मूळ अर्ज, घडी पडलेला
४) माझे ओळखपत्र व टंकलेखन कक्षाची किल्ली