खंड्याच्या चोचीतली मांदेली

विक्रोळी (पूर्व),
रविवार, दुपार

तीर्थरूप लवूमामा आणि सौ. मामी यांच्या पायांवर मार्तंडाचं डोकं.

तुमचे गुडघे आता जिना चढू देत असतील, मामींचा खोकला उतरला असेल आणि यंदा माकडांनी निदान उंचावरचे नारळ तरी तुमच्यासाठी ठेवले असतील, अशी आशा करतो. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढे वाचाल तेव्हा हे वाक्य मनातल्या मनात खोडून टाका.) इतक्या वर्षांनी भाच्याचं हाताने लिहिलेलं पत्र आलेलं पाहून तुम्ही दचकला असाल, तर सांगतो, कोणी गेलेलं नाही. माझा मोबाईल फक्त आमच्या सौ. प्रेमाने काढून घेतला आहे. मी यापुढे कोणालाही, कशावरही, कोणत्याही मार्गाने मत कळवू नये, असा तिचा हुकूम आहे. पत्र लिहिण्याची कला अजून शिल्लक आहे हे तिच्या लक्षात आलेलं नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या रुचिराचं घाटकोपरच्या धुरींच्या निमेशशी जमलं आहे आणि पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. मुलगा गुणी, घर आपल्याच बाजूचं, मासे खाणारं. निमेशचे वडील चंद्रप्रकाश धुरी ट्रॉम्बेच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले. आता व्याह्यांचा छंद तो आपला छंद, असं म्हणून ते आमच्या छायाचित्र मंडळात आले. आल्या आल्या त्यांनी दुधी भोपळ्याएवढी लेन्स घेतली. (त्या लेन्सने त्यांनी पहिला फोटो काढला तो समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या चादरीचा, आणि ती बाई खाली येऊन भांडून गेली. पण माणूस भला. तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि वर तिला चादर छान आली आहे असंही म्हणाला.)

आता मंडळाची रीत सांगतो, कारण घात तिनेच केला. घाटकोपरच्या एका शाळेच्या वर्गात दर महिन्याला आमची अभिप्राय-सभा भरते. सभासदांचे फोटो पडद्यावर येतात, पण फोटो कोणाचा ते सांगायचं नाही. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याने उठून माइक घ्यायचा आणि त्या फोटोवर बोलायचं. आजवर सगळे ‘रंग छान, प्रकाश छान’ एवढं बोलून चहाकडे वळायचे. पण आमचे चिटणीस हर्षद शाह (शुद्ध शाकाहारी, कांदासुद्धा चालत नाही, हे लक्षात ठेवा) यांनी या वेळी बजावलं की नुसतं ‘छान’ चालणार नाही. फोटो नीट बघा, विचार करा आणि मन लावून बोला. मामा, मन लावून बोला असं आयुष्यात मला प्रथमच कोणीतरी सांगत होतं. एरवी सगळे उलटं सांगतात.

मी सुरुवातीला उत्तमच बोललो, याला साक्षीदार आहेत. एका कलात्मक फोटोत नुसती पोपडे आलेली भिंत होती आणि फोटोचं नाव होतं ‘काळ’. मी तो पुरेसा वेळ पाहिला आणि सांगितलं की हा काळ नाही, ही वरच्या मजल्यावरच्या मोरीची गळती आहे, आणि चांगल्या गवंड्याचा नंबरही दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिपालीताईंच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या फोटोत मागे कारखान्याची चिमणी नेमकी एका पक्ष्याच्या डोक्यातून उगवली होती. तेही मी गोड शब्दांत सांगितलं, आणि त्या बिचाऱ्या वहीत लिहून घेत होत्या. थोडक्यात, मी चढलो.

आणि मग तो फोटो आला. नाव होतं ‘बोरिवलीच्या रानातला ओढा’. ओलं काळं लाकूड, त्यावर निळाशार खंड्या, चोचीत सोन्यासारखा चमकणारा मासा. वर्गभर ‘वा’ झालं. हर्षदभाई म्हणाले, मावळतीचा काय सोनेरी प्रकाश पकडला आहे माशावर. चिठ्ठी पुन्हा माझीच निघाली. मी पडद्याजवळ गेलो, चष्मा पुसला, परत पाहिलं, आणि मामा, मी हादरलो. तो प्रकाश नव्हता. ती हळद होती.

तुम्ही मला लहानपणी मासळी ओळखायला शिकवलीत, तेव्हा हा दिवस येईल असं तुम्हाला तरी वाटलं होतं का? खंड्याच्या चोचीत मांदेली होती. समुद्रातली मांदेली, रानातल्या ओढ्यात. तिला डोकं नव्हतं, कारण ती साफ केलेली होती. अंगाला हळद-मीठ लावलेलं होतं. कडा पांढुरक्या पडलेल्या, म्हणजे बरेच दिवस फ्रीझरमध्ये. कोणीतरी घरून डबा नेऊन त्या पाखरासमोर ठेवला होता आणि आम्हाला निसर्ग म्हणून दाखवत होता! (हळद लावलेली मासळी त्या पाखराने घेतली कशी, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. बहुधा तोही मालवणकडचा.)

माझं डोकं फिरलं. मन लावून बोलायचं होतं, मी मन ओतलं. म्हणालो, रानातल्या ओढ्यात मांदेली हळद-मीठ लावून पोहत नाही. म्हणालो, मासळी शिळी आहे. म्हणालो, साफ करणारीचा हात आळशी आहे, शेपटीसुद्धा कापलेली नाही. इथे थांबलो असतो तर आज माझ्याकडे मोबाईल असता. पण माइक हातात असला की माणूस आपला राहत नाही. मी म्हणालो, “जो मुक्या पाखराला फसवतो, त्याच्या घरी मी तरी माझी मुलगी देणार नाही.”

दुसऱ्या रांगेत धुरी बसले होते, शेजारी रुचिरा. (होणाऱ्या सासऱ्यांबरोबर ती हौसेने आली होती.) पोर त्यांच्या कानाशी वाकली होती. धुरी सावकाश उठले आणि म्हणाले, “फोटो माझा आहे. आणि परबसाहेब, मांदेली तुमच्या घरची आहे.”

मामा, जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, ती शाळेच्या वर्गात घेत नाही. तिथे फरशी असते. गेल्या पंधरवड्यात प्रेमाने कृष्णाबाई कोळणीकडून भरपूर मांदेली घेतली होती, साफ करून, हळद-मीठ लावून, होणाऱ्या व्याह्यांना म्हणून एक डबा धुरींकडे पाठवला होता. म्हणजे मी एका दमात व्याह्यांना लबाड म्हणालो, ठरलेलं लग्न माइकवर मोडलं आणि स्वतःच्या बायकोला आळशी ठरवलं. हर्षदभाईंनी घाईघाईने चहा जाहीर केला.

घरी आल्यावर मला वाटलं, प्रेमा लग्नावरून बोलेल. ती कमरेवर हात ठेवून एवढंच म्हणाली, “माझी मासळी शिळी म्हणालात? आणि ता पण माइकवर?” तेव्हापासून घरात मासळी बंद आहे. आज पडवळ, काल पडवळ. उद्याचं विचारायची हिंमत नाही.

पण पडवळाचं दुःख नाही हो. धुरींचा फोनच येत नाही. खालच्या वाण्याच्या फोनवरून मी केला तर उचलून ‘हॅलो’ म्हणतात, मग काहीतरी विचित्र आवाज येतो आणि फोन बंद. राग गळ्यात अडकला असणार. हॉलवाला रस्त्यात गाठून विचारतो, तारीख पक्की धरू का, आणि मी ‘उद्या सांगतो’ म्हणून सटकतो. रुचिरा समोर आली की मान खाली घालून निघून जाते. मामा, मला धडकी भरली आहे. माझ्या जिभेपायी पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं तर मी तिला तोंड कसं दाखवू? एवढी गुणाची पोर, आणि तिला असा बाप.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
मार्तंड

ता. क. – कोकम संपत आलं आहे, असं लिहिणार होतो, पण खरं काम वेगळं आहे. तुम्ही घरातले थोरले. गुडघे साथ देत असतील तर दोन दिवसांसाठी या आणि धुरींकडे माझ्या वतीने माफी मागा. हा लहानपणापासून असाच आहे, असं सांगितलंत तरी चालेल.

दुसरा ता. क. – मीच जाऊन मागितली असती. पण ते समोर बसले की मला तो मासा आठवेल, आणि मासा शिळाच होता. हे वाक्य प्रेमासमोर वाचू नका.

तिसरा ता. क. – मामाआजोबा, मी रुचिरा. पत्र पोस्टात टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं, म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. तो फोटो धुरीकाकांचा नाही, माझा आहे. मंडळात माझं नाव मी हर्षदकाकांना सांगून गुपचूप घातलं होतं. मांदेली आईच्या फ्रीझरमधली. पाखराला फसवलं ते चुकलंच, पुन्हा करणार नाही. बाबा माइकवर तापले तेव्हा मी काकांच्या कानात एवढंच म्हटलं, “काका, माझा फोटो, आईची मांदेली.” ते काही न विचारता उठून उभे राहिले. फोनवर ते रागाने गप्प होत नाहीत, बाबांचा आवाज ऐकला की त्यांना हसू आवरत नाही. साखरपुडा ठरल्या दिवशीच आहे, हॉलवाल्याला काकांनी कळवलंसुद्धा. तुम्ही याच, पण बाबांना हे सगळं पेढा खाऊन झाल्यावर सांगा. मला त्याच घरात जायचं आहे. आणि असं का केलं विचाराल, तर घरी मी कुठलाही फोटो दाखवला की बाबा पेपरातून मान वर न करता ‘छान’ म्हणतात. म्हटलं, नाव नसेल तर तरी नीट बघतील. बघितला, मामाआजोबा. अगदी शेपटीपर्यंत बघितला.